सातशे बारापैकी एक

तो उन्हात उभा होता, आणि छत्री मात्र खोक्यांवर धरली होती.

एकोणीसशे एकोणऐंशीचा एप्रिल. सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसबाहेर सावली म्हणून औषधाला नव्हती. सुगला कलशेट्टी पदर डोक्यावर ओढून, डोळे बारीक करून बघत होती. नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि पहिलंच काम म्हणजे मुंबईहून आलेलं पार्सल सोडवून आणायचं. ते तर कुणीतरी आधीच सोडवलेलं दिसत होतं. सहा खोकी एकावर एक रचलेली, वर काळी छत्री, आणि छत्रीच्या बाहेर घामानं निथळणारा एक उंच, सडपातळ तरुण.

"श्रमिक आरोग्य केंद्राचं पार्सल का हे?" तिनं विचारलं.

"हो की."

"मग छत्री स्वतःच्या डोक्यावर घ्या. खोकी काही करपत नाहीत."

"मी करपलो तर डॉक्टर दुसरा माणूस ठेवतील," तो शांतपणे म्हणाला. "ही करपली तर नऊ हजार माणसं जातील."

सुगलाला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण तो हसत नव्हता. मग त्याला कळलं असावं की हीच ती नवी बाई... तो जरा बाजूला सरकला, छत्रीचा दांडा तिच्याकडे थोडासा कलला. खोक्यांची सावली हलली नाही, आणि तिच्या खांद्यावरचं ऊन मात्र गेलं. एवढंच. रिक्षा मिळेपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.

त्याचं नाव मल्लेशम यन्नम. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराचा मुलगा. मॅट्रिक झाल्यावर गिरणीच्या कार्डिंग खात्यात लागला. कापूस पिंजून त्याचे पेळू करतात ते खातं. तिथली हवा कायम पांढरी असते. सात वर्षं त्यानं तिथं काढली. अक्षर सुरेख होतं म्हणून डॉक्टर शिवयोगी हत्तुऱ्यांनी त्याला सहा महिन्यांपूर्वी केंद्रात घेतलं होतं.

सुगला तेवीस वर्षांची. वडील रुद्रप्पा यांचं मंगळवार पेठेत भुसाराचं दुकान. घरात कानडी, दारात मराठी. बी.एस्सी. झाली होती, टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि आई पार्वतम्मा गुलबर्ग्याकडची स्थळं बघत होती. नोकरी लग्न ठरेपर्यंतच करायची, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

केंद्र म्हणजे सात रस्त्याजवळ एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं : गिरणीतली धूळ माणसांच्या छात्या खातेय. सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते, हे प्रत्येक गिरणीकामगार सांगायचा. पण सांगून कुणी ऐकत नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी तीन वर्षं नऊ हजार कामगारांना एका नळीत फुंकायला लावलं. सोमवारी, शनिवारी, पुन्हा सोमवारी. फुंकेचा जोर किती, ते आकड्यांत लिहिलं. ते सगळे फॉर्म मुंबईला गेले आणि तिथं त्यांच्या नोंदी कॉम्प्युटरच्या तबकड्यांवर चढल्या. फॉर्मचे गठ्ठे नंतर एका गोदामात पडले आणि वाळवीनं खाल्ले. आता जे काही होतं ते तबकड्यांतच होतं.

जेवणाच्या ताटाएवढी चौकोनी काळी पाकिटं, आत कायमची बंद केलेली पातळ तबकडी. अशा सातशे बारा. एकीत साधारण अडतीस माणसांचं एक वर्ष मावायचं. मुंबईच्या दमट हवेत बहुतेकांवरच्या चिठ्ठ्या सुटून पडल्या होत्या. कुठली तबकडी कुठल्या गिरणीची, कुठल्या खात्याची, कुठल्या वर्षाची, काही पत्ता नाही. जुलैत मुंबईतला एक मोठा कॉम्प्युटर चार दिवसांसाठी मिळणार होता. त्याआधी प्रत्येक माणसाची तीन वर्षं ओळीनं मागोमाग लागायला हवी होती. तरच कळणार होतं की कुणाचा श्वास कमी कमी होत चाललाय. त्या माणसांची यादी घेऊन डॉक्टर गिरण्यांत जाणार होते : यांना धुळीच्या खात्यातून बाहेर काढा.

मल्लेशमनं तिला पहिल्या आठवड्यात सगळं शिकवलं. तबकडी कडेला धरायची. पाकिटाच्या खिडकीतून दिसते तिथं बोट लावायचं नाही. चिठ्ठीवर आधी लिहायचं आणि मग चिकटवायची. वरून बॉलपेन दाबायचं नाही. फोनच्या घंटीत लोहचुंबक असतो, म्हणून फोन बाहेर व्हरांड्यात. सुताराकडून सागवानी घोडे करून घेतले होते, खाचा असलेले, त्यात तबकड्या पुस्तकासारख्या उभ्या ठेवायच्या.

"इतक्या दाबून लावू नका," तो एकदा म्हणाला. "श्वास घ्यायला जागा ठेवा."

"तबकड्या श्वास घेतात?"

"माणसं हायत की त्यात."

ती हसली. पण त्या दिवसापासून तिनं प्रत्येक खाचेत बोटभर जागा सोडली.

काम असं चालायचं. खोलीत एक यंत्र होतं, छोटा पडदा असलेलं. त्यात तबकडी सरकवली की हिरवी अक्षरं उमटायची. तो क्रमांक वाचायचा, ती वहीत लिहायची, चिठ्ठी तयार करायची. खात्यांचे रंग सुगलानं ठरवले : कार्डिंग पिवळं, सूतकताई हिरवी, विणकाम निळं. पहिल्या वर्षाला चिठ्ठीचा एक कोपरा कापलेला, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. अंधारातसुद्धा बोटांनी ओळखता येईल, असं ती म्हणाली. मल्लेशमनं डोळे मिटून तीन चिठ्ठ्या चाचपल्या आणि तिन्ही बरोबर सांगितल्या. चौथी चिठ्ठी म्हणून त्याच्या हाताला तिचं मनगट लागलं... त्यानं हात काढायला क्षणभर उशीर केला. तिनंही.

इमारतीत थंड हवेचं यंत्र त्या एकाच खोलीत होतं. वीज गेली की दोघं दार घट्ट लावून बाहेर जिन्यात बसायची, आतला गारवा आतच राहावा म्हणून. ती डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायची, तो आईनं केलेला चिंचेचा भात. तो तिच्याकडून कानडी शब्द शिकायचा आणि मुद्दाम चुकीचे वापरायचा. तिच्या लक्षात आलं होतं की सकाळी येताना तो दहाव्या पायरीवर थांबतो, वाकतो, चपलेचा अंगठा बघतो.

"तुमची चप्पल रोज दहाव्याच पायरीला तुटते?"

"तिथनं वरच्या दारात तुम्ही दिसता," तो म्हणाला. "वर आलो की तुम्ही वहीत तोंड घालता."

दिवसभर तिचे रकाने चुकत राहिले.

मेच्या मध्यावर सगळ्या तबकड्या लागल्या. सुगलानं मोजल्या. सातशे अकरा. पुन्हा मोजल्या. सातशे अकरा. पिवळ्या घोड्यात, तिसऱ्या वर्षाच्या रांगेत एक खाच रिकामी होती. वहीत नोंद होती, चिठ्ठी तिनं स्वतः लिहिल्याचं तिला आठवत होतं. तबकडी नव्हती. कार्डिंगमधली अडतीस माणसं.

मग शोध सुरू झाला. कपाटं, खोकी, गोणपाटं. पार्सल ऑफिसात चार फेऱ्या. मुंबईला पत्र गेलं. उत्तर आलं की आमच्याकडं दुसरी प्रत नसते. तबकडी ठेवायच्या एका कागदी खोळीत चुकून दोन गेल्या असतील म्हणून दोघांनी सगळ्या खोळी एकेक करून तपासल्या. जुलै आला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, एका खात्यात भोक ठेवून यादी नेली तर गिरणीवाले पहिलं बोट त्या भोकातच घालतील. त्यांनी मुंबईला विनवण्या करून डिसेंबरची तारीख मिळवली.

सुगलाला रोज रडू यायचं. चूक आपलीच, असं तिला वाटत होतं. रचायचं काम तिचं होतं. पण खरं सांगायचं तर तेच महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचेही होते. त्या गार खोलीत दोघं शेजारी बसून एकेक खोळ उघडायची. तो क्रमांक वाचायचा... ती टिक करायची... मधेच तो वाचायचा थांबायचा आणि ती वर बघायची. एकदा ती रडत असताना त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याचे हात गार पडले होते. माझ्यासाठी याचा जीव एवढा तुटतो, असं तिला वाटलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला गुलबर्ग्याचं स्थळ बघून गेलं. मुलगा इंजिनियर, घर ओळखीचं. सुगलानं आईला नाही म्हणून सांगितलं. पार्वतम्मानं कारण विचारलं; तिनं ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मल्लेशमला सांगितलं की मी नकार दिला, आणि त्याच्याकडं बघत राहिली. त्याचा चेहरा उजळायला हवा होता. तो पांढरा पडला.

"थोडं थांबा," तो म्हणाला. "मला एक काम पुरं करायचंय... मग बोलतो."

तो कुठल्या कामाबद्दल बोलतोय, हे तिनं विचारलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी काशम्मा आली. चाळिशीची बाई, कोरं कपाळ, पावसात भिजलेलं पातळ. ती दारातच उभी राहिली. तिचा नवरा नागप्पा कार्डिंगमध्ये होता. जुलैअखेर कामावरच बसला, उठला नाही. दवाखान्यात आठ दिवस होता, मग गेला. तिला कुणीतरी सांगितलं होतं की सात रस्त्याजवळच्या केंद्रात गिरणीतल्या प्रत्येकाच्या छातीचं रेकॉर्ड हाय.

"धुळीनं न्हाय मेला म्हणत्यात," ती सुगलाला म्हणाली. "बिडीनं मेला म्हणत्यात. त्यानं आयुष्यात बिडी न्हाय वढली, तंगी. तुमच्या रेकॉर्डात आसंल की."

कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. सुगलानं वही उघडली. नागप्पाचा क्रमांक सापडला. पहिलं वर्ष होतं, दुसरं होतं. तिसरं त्या रिकाम्या खाचेतलं. तिनं काशम्माला खरं ते सांगितलं : एक तबकडी हरवलीय, त्यातच त्याचं नाव होतं, आणि तिच्यामुळंच यादी जुलैत जायची ती गेली नाही. काशम्मानं ऐकून घेतलं. यादी गेली असती तर काय झालं असतं, असं तिनं विचारलं. सुगला म्हणाली, त्याची त्या खात्यातून बदली झाली असती, कदाचित. काशम्मानं मान हलवली आणि ती जिना उतरून गेली.

मल्लेशम यंत्रासमोर बसला होता. पडद्यावर काही नव्हतं, तरी तो पडद्याकडंच बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या आधी आलेला होता. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सुगलानं कागद बाजूला केला. पिवळी चिठ्ठी, तीन कोपरे कापलेली, तिचंच अक्षर. पाकिटाची एक कड वर वळली होती, उन्हात वाळवलेल्या पापडासारखी.

तिला आधी आनंदच झाला. "सापडली?"

"हरवली नव्हती," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. नऊ मेला तो ही तबकडी वाचत होता आणि त्याचाच क्रमांक आला. तिसऱ्या वर्षी त्याचीही तपासणी झाली होती, कार्डिंगमध्ये असताना. पहिल्या दोन वर्षांचे आकडे त्याला माहीत होते. तिसरा आकडा त्यानं पाहिला. इतके दिवस तो दुसऱ्यांचे आकडे वाचत आला होता. त्याचा अर्थ त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पन्नाशीच्या माणसाचा असावा तेवढाच त्याचा श्वास होता. यादी निघाली की त्याचं नाव निघणार, वस्तीत कळणार, बहिणीचं लग्न अडणार. आणि सुगलाला कळणार... त्यानं तबकडी शर्टात घातली आणि घरी नेली. दोन दिवस, फक्त दोन दिवस विचार करायला. घर पत्र्याचं. ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली होती. तिसऱ्या दिवशी परत आणून यंत्रात घातली, तर नुसता खरखरीत आवाज आला. एक अक्षर उमटलं नाही. मग परत ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सुगला खुर्चीवर बसली. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती, बंद खिडकीच्या काचेवरून थेंब हळूहळू उतरत होते.

"तीन महिने तुम्ही माझ्याबरोबर शोधत होतात," ती म्हणाली.

"हो."

"काय शोधत होतात?"

"शोध संपू नये, एवढंच वाटायचं," तो म्हणाला. "संपला की यादी जाणार. मग तुम्ही माझ्याकडं पेशंटकडं बघतात तसं बघणार. मला थोडे दिवस नुसतं माणूस म्हणून तुमच्यापुढं बसायचं होतं. मला वाटलं, मी माझ्या एकट्याचाच आकडा लपवतोय. बाकीची सदतीस... मी मोजलीच नाहीत."

तिनं ती वाकडी तबकडी उचलली, नेहमीसारखी कडेला धरून, आणि यंत्रात घातली. यंत्र खरखरलं. पडदा काळाच राहिला. तिनं ती बाहेर काढली, पिवळ्या घोड्यातल्या रिकाम्या खाचेत उभी केली.

"डॉक्टरांना तुम्ही सांगणार, की मी सांगू?"

"मीच सांगतो," तो म्हणाला.

डॉक्टर हत्तुऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडले नाहीत. बदली झाली असती तरी नागप्पा वाचला असता की नाही, हे सांगता येत नाही, एवढंच म्हणाले. आणि हे सांगता येत नाही, हेच तुला आयुष्यभर जवळ ठेवावं लागेल, असंही म्हणाले. संस्थेच्या विश्वस्तांना कळवणं भाग होतं. ते मल्लेशमला ठेवणार नाहीत हे उघड होतं. पण त्यांचं उत्तर येईपर्यंत एक काम करायचं होतं. नागप्पा आणि मल्लेशम सोडून उरलेल्या छत्तीस जणांना शोधायचं, पुन्हा फुंकायला लावायचं, सोमवारी आणि शनिवारी. गेलेलं वर्ष परत येणार नव्हतं. निदान आजचा श्वास तरी लिहिता येणार होता. चाळी मल्लेशमला माहीत होत्या, वही सुगलाकडं होती. म्हणून दोघांनी बरोबर जायचं ठरलं.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. हातात फुंकायची नळी घेऊन दोघं चाळीचाळींतून फिरली. आता ती फारशी बोलत नव्हती, आणि तोही थट्टा करत नव्हता. जिना आला की तो थांबायचा. आता चपलेकडं वाकायचा नाही. तीही थांबायची. दोघं एका पायरीवर मुकाट उभी राहायची, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत. तिच्या आयुष्यात इतक्या जवळ कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. आणि इतक्या लांबही.

काही जण फुंकायला तयार नव्हते. नाव यादीत गेलं की कामावरून काढतात, अशी बोलवा उठली होती. तिथं मल्लेशम शर्टाची बटणं काढून आपली छाती दाखवायचा, नळीत स्वतः फुंकून दाखवायचा, आकडा मात्र लिहू द्यायचा नाही. संगप्पा म्हणून एक जण गिरणी सोडून केम गावात भावाकडं मेंढरं राखत होता. दोघं सकाळच्या गाडीनं केमला गेली. संगप्पा स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, बाभळीखाली बसलेला सापडला. चार पावलं मेंढरांमागं चाललं की बसावं लागतं म्हणाला. त्यानं फुंकलं, खोकला, पुन्हा फुंकलं. मग त्यानं दोघांकडं बघून विचारलं की तुमचं लग्न झालंय का. मल्लेशम म्हणाला, नाही. मग करा की, संगप्पा म्हणाला, काय वय वाढवत बसलाव.

परतीच्या गाडीत सुगला खिडकीबाहेर बघत राहिली. ती रडत होती. मल्लेशमला ते दिसत होतं, आणि आता तिचा हात धरायचा हक्क आपल्याला नाही, हेही त्याला कळत होतं.

काशम्माच्या घरी तो एकटाच गेला. सुगला येते म्हणाली तर नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं.

"सगळं सांगितलं," तो म्हणाला. "तिनं मला पाणी दिलं. पाणी देऊन आत गेली. मी बराच वेळ बसलो... परत बाहेर आली नाही."

नोव्हेंबरच्या शेवटी विश्वस्तांचं पत्र आलं. एक तारखेपासून यायचं नाही. छत्तीसपैकी एकोणतीस जण सापडले होते. त्या संध्याकाळी केंद्रात मल्लेशम तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, माझाही लिहा. त्यानं नळी तोंडात धरली. तीनदा फुंकलं. तिन्ही वेळा काटा लवकर थांबला. सुगलानं तिन्ही आकडे वहीत लिहिले. तिचं अक्षर कुठंही हललं नाही. मग ती आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि सातशे बारा तबकड्यांच्या मधे जमिनीवर बसून राहिली.

तो वरंगळजवळ मामाच्या गावी जाणार होता. तिथं शेती होती, कापसाची धूळ नव्हती. एक डिसेंबरला सकाळी ती एसटी स्टँडवर गेली. हैदराबादच्या गाडीला अजून वेळ होता. त्याच्याजवळ एक वळकटी आणि पत्र्याची ट्रंक होती. हवा गार होती, उसाच्या रसाची गुऱ्हाळं नुकती उघडत होती. दोघं बाकावर बसली, मधे हातभर जागा सोडून.

"बरोबर चला, असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला.

"म्हणालात तर मी येईन, याचीच मला भीती होती," ती म्हणाली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. आज पण. तुमच्या छातीचं काही नाही... मी अर्ध्या श्वासाच्या माणसाबरोबर राहिले असते. तुम्ही मेमध्ये सांगितलं असतंत, तर त्याच दिवशी आईशी भांडले असते."

त्यानं मान खाली घातली.

"पण आता रोज तुमच्यासमोर बसेन, आणि मला काशम्मा दिसेल," ती म्हणाली. "आज नाही बोलणार. एक दिवस बोलेन. भाजीत मीठ जास्त झालं, एवढ्यावरनं बोलेन. मला ते तुमच्यावर काढायचं नाही."

"मला पण ती दिसते, सुगला," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत त्यानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती.

"मग एका घरात दोघांना दिसेल."

गाडी लागली. कंडक्टरनं सामान वर टाकायला सांगितलं. ट्रंक टपावर चढवून तो खाली आला तेव्हा त्याला धाप लागली होती. गाडीच्या पत्र्याला हात टेकून तो उभा राहिला, आणि सुगला त्याच्या शेजारी थांबली.

"माझा आकडा डॉक्टरांनी सांगितला नाही," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलाय. सांगा."

तिला खोटं सांगता आलं असतं. मागच्यापेक्षा फार कमी नाही, एवढं म्हटलं असतं तरी तो वर्षभर त्यावर जगला असता. तिनं आकडा सांगितला. तोच, जो वहीत होता.

त्यानं तो मनातल्या मनात मोजून पाहिल्यासारखं केलं. मग मान हलवली, आणि एप्रिलनंतर पहिल्यांदाच, अगदी मोकळा हसला. तुम्ही काही लपवलं नाहीत हे बरं झालं, असं म्हणाला. पुढं आणखी काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं... पण कंडक्टरनं घंटी मारली, आणि तो आत गेला. खिडकीची जागा त्याला मिळाली नाही. गाडी वळेपर्यंत ती काचांमधून शोधत राहिली. माणसांच्या गर्दीत त्याचं डोकं कुठलं, ते तिला ओळखता आलं नाही.

पुढं त्या महिन्यात तबकड्या मुंबईला गेल्या आणि यादी निघाली. सूतकताईतल्या दीडशेजणांच्या बदल्या झाल्या. कार्डिंगचं मात्र गिरणीवाल्यांनी मानलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या नोंदीच नाहीत, नंतर घेतलेले आकडे आम्ही कसे धरायचे, असं ते म्हणाले. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी सुगला स्टँडवरून घरी गेली नाही. छत्तीसांच्या यादीत अजून सात नावं राहिली होती, आणि वही-नळी पिशवीतच होती. ती चालत चाळीत गेली, दोन जिने चढली. तिसऱ्या खोलीचं दार उघडं होतं. भिमा नावाचा कामगार रात्रपाळी करून नुकताच आला होता. त्यानं तिला आत बोलावलं, बसायला पोतं टाकलं. मग दाराकडं बघत म्हणाला, मागच्या खेपेला आमच्या लाइनीत तुमच्यासंगं दुसरे साहेब होते, ते कुठं हायत.

"गावाला गेले," ती म्हणाली.

"परत कधी यायचेत?"

सुगलानं वही उघडली, पेन घेतलं आणि त्याला त्याचं पूर्ण नाव विचारलं.